रेघेचा ताळा

महाराष्ट्र राज्याचे कला संचालनालय ज्या शासकीय रेखाकला परीक्षा घेते, आणि ज्यांना विद्यार्थी, पालक व शिक्षक असे आम्ही सारेच एलिमेंटरी व इंटरमिजिएट या नावांनीच ओळखतो, त्या परीक्षांची पूर्वतयारी करवून घेणे हा माझ्या नोकरीच्या उत्तरार्धातील आणि निवृत्तीनंतर तर जवळजवळ एकमेव व्यवसाय होऊन बसला आहे. नागपूरच्या प्रतापनगरात, रिंग रोडचा कोलाहल ऐकू येतो पण अंगावर येत नाही अशा अंतरावर माझे घर आहे. त्याच्या ओसरीवर रविवारी सकाळी, आणि वैशाखात तर कूलरमध्ये पाणी भरण्याची वेळ होण्याच्या आतच, सतरंजी अंथरली जाते आणि खामला, त्रिमूर्तीनगर, सुभाषनगर या बाजूंची मुले आपापले फळे काखोटीस मारून येऊन बसतात. त्यांच्यातील काहींना चित्रकलेची उपजत ओढ असते, काहींना दहावीच्या निकालात मिळणाऱ्या वाढीव गुणांची. दुसऱ्या प्रकारच्या मुलांविषयी नापसंतीने बोलण्याची आमच्या व्यवसायात रीत आहे, परंतु गुणांसाठी म्हणून हाती धरलेली पेन्सिल पुढे सुटता सुटत नाही असेही मी पुष्कळदा पाहिले असल्यामुळे त्या रीतीत मी सामील होत नाही.

‘सर, मला हे जमूनच नाही राहिलं,’ अशी अस्सल नागपुरी तक्रार घेऊन एखादा मुलगा आपला कागद माझ्यापुढे धरतो, तेव्हा त्याला न जमणारी गोष्ट संपूर्ण चित्र ही नसून त्या चित्रातील एखादेच स्थळ असते, आणि ते स्थळ कोणते हेच त्याला ठाऊक नसते. तांब्याचे पोट त्याला काढता येते, काठ काढता येतो, सावलीही बेताची देता येते. परंतु गळ्यापाशी जेथे आत वळत आलेली रेघ बाहेर वळू लागते तेथे हात गोंधळतो, आणि तेथील गोंधळ झाकण्यासाठी म्हणून तो काठ मोठा करतो, काठ मोठा झाला म्हणून पोट फुगवतो, आणि शेवटी तांब्याऐवजी घागर तयार झालेली पाहून आपल्याला चित्रकला येत नाही असा सरसकट निवाडा स्वतःवर देऊन मोकळा होतो.

बाजारातील मार्गदर्शक पुस्तिका या अडचणीवर जो ठरीव उपाय सुचवतात तो सर्वांच्या परिचयाचा आहे. पानावर चार चौकटी असतात. पहिलीत एक अंडाकृती, दुसरीत तिच्यावर दोन छेदक रेघा, तिसरीत कान, डोळे, शेपूट यांच्या खुणा, आणि चौथीत केसन्‌केस उमटलेले देखणे मांजर. तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या दरम्यान चित्रकला नावाचा सारा विषय अंतर्धान पावलेला असतो. अशा चौकटी कशा सिद्ध होतात हे मी जवळून पाहिले आहे. चित्रकार प्रथम पूर्ण चित्र काढतो आणि मग त्यातील रेघा कमी करीत करीत मागे जातो, आणि चौकटी चारच का, तर पान चारांत नीट विभागते म्हणून. शिकणाऱ्याचा हात कोठे अडेल, हा प्रश्न या साऱ्या कारभारात कोणाच्याच दप्तरी नोंदलेला नसतो. हल्ली मुले पुस्तिकेऐवजी मोबाइलवरील चित्रफिती पाहतात. चित्रफितीत हात हलताना दिसतो, हा तिचा पुस्तिकेवर मोठाच वरचष्मा खरा; पण तो हात वेग वाढवून दाखवलेला असतो, आणि चित्र काढणारा माणूस प्रत्यक्षात जितका वेळ रेघ ओढतो त्याहून अधिक वेळ थांबून पाहत असतो, तर संकलन करणाराची पहिली कात्री नेमकी त्या थांबण्यालाच लागते.

माझे वडील मोजणी खात्यात होते. शंकू आणि साखळी घेऊन शेते मोजण्याचा तो जमाना. १०० कड्यांची, ६६ फूट लांबीची गुंटरची साखळी, हद्दीच्या दगडांचा शोध, शेताचे पाडलेले त्रिकोण, मूळ रेषेपासून बांधापर्यंत घेतलेले लंब, आणि या सर्वांचा तपशील टिपलेले मळकट मोजणीबुक ही त्यांच्या संसाराची सामग्री होती. त्या कामात एक रेषा अशी मोजली जाई की नकाशा काढण्यास तिची काडीमात्र गरज नसे. त्रिकोणाच्या तीन बाजू मोजल्या की कागदावर त्रिकोण उभा राहतोच. तरीही त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या बाजूवरील एखाद्या खुणेपर्यंतचे अंतर शेतात निराळे मोजून ठेवायचे, आणि नकाशा काढून झाल्यावर तेच अंतर कागदावर मोजून दोन्हींचा मेळ बसतो की नाही हे पाहायचे. तिला घरात आम्ही ताळ्याची रेघ म्हणत असू. ही रेघ जुळली नाही तर मोजणीत कोठेतरी दोष आहे हे नक्की, आणि तो मुक्काम हलण्यापूर्वीच उमगला पाहिजे. कारण कचेरीत परतल्यावर उमगला तर पुन्हा दौरा, पुन्हा भत्त्याचा अर्ज, पुन्हा गावी निरोप आणि पुन्हा कोतवालाची धावपळ.

शिकवण्यातील पायरी नेमकी कोठे संपावी, याचे उत्तर मला पदविकेच्या अभ्यासक्रमात मिळाले नव्हते ते या रेघेत मिळाले. शिकणाराला, शिक्षकाच्या तोंडाकडे न पाहता, आपले आतापर्यंतचे काम बरोबर आहे किंवा नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहता येईल अशी जागा जेथे येते तेथे पायरी संपवावी. तिच्या अलीकडे संपवली तर ती पायरी न राहता नुसता तुकडा होतो, आणि तिच्या पलीकडे नेली तर चूक पुढच्या कामात मुरून जाते व मग तिचा माग लागत नाही. पायऱ्या लहान असाव्यात असे सर्वच म्हणतात. किती लहान, हे मात्र ताळा कोठे घेता येतो यावरून ठरावे, पानाच्या रुंदीवरून वा तासिकेच्या मुदतीवरून नव्हे.

आपल्या घरांतील स्त्रियांना हे कोणी सांगण्याची कधी गरज पडली नाही. ठिपक्यांच्या रांगोळीत ‘नऊ ते पाच’ असे नुसते म्हटले की जाणत्या बाईला सारा आराखडा कळतो: मधल्या ओळीत नऊ ठिपके, तिच्या वर आणि खाली आठ, सात, सहा आणि पाच, प्रत्येक ओळीचे ठिपके आधीच्या ओळीतील फटींसमोर, एकूण ६१. या ठिपक्यांचा षटकोन पुरा झाला म्हणजे त्याच्या सहाही बाजूंना पाच-पाच ठिपके मोजता येतात, आणि एखाद्या बाजूस चार किंवा सहा भरले तर एकही रेघ ओढण्यापूर्वी चूक हाती लागते, बोटाने पुसली जाते आणि कोणाचा शब्दही खावा लागत नाही. मग रेघा. रेघांचाही नियम असा की एका कोपऱ्यात जे केले ते उरलेल्या पाचांत करायचे, म्हणजे प्रत्येक कोपरा शेजारच्या कोपऱ्याचा तपासनीस होतो. सात-आठ वर्षांची मुलगी आजीच्या शेजारी उकिडवी बसून ही विद्या पुस्तकावाचून शिकते, याचे श्रेय आजीच्या वात्सल्याला द्यावे तितकेच त्या ठिपक्यांच्या रचनेलाही द्यावे लागेल.

याच्या उलट स्थिती मुक्तहस्त रांगोळीची, जिला लोक संस्कार भारतीची रांगोळी म्हणून ओळखतात. गुढीपाडव्याची शोभायात्रा जवळ आली की आमच्या वस्तीतील काही महिला मला चौकातील मोठी रांगोळी टाकण्यास मदत मागतात. पाच बोटांतून जाड, सारखी धार सोडण्यात त्या माझ्यापेक्षा कितीतरी निष्णात. अडचण येते ती मोठ्या कमळाच्या पाकळ्यांत, ज्या एका बाजूने सुरू होऊन फिरत फिरत मूळ ठिकाणी परतल्या म्हणजे शेवटच्या पाकळीला एकतर जागाच उरत नाही किंवा दीड पाकळीची उरते. शिवाय वर्तुळाभोवती बाया चहूबाजूंनी उभ्या असल्यामुळे, मी उत्तरेकडे तोंड करून ‘उजवीकडे’ म्हणालो की समोरच्या बाईची ती डावी बाजू होते, आणि कडेला असलेल्यांना तर वर आणि खाली यांचाही निवाडा करता येत नाही. म्हणून दिशांचे शब्द मी अजिबात सोडून दिले आणि सुतळीवर आलो. ज्या सुतळीने वर्तुळ फिरवले तीच, लांबी न बदलता, परिघावर एका खुणेपासून पुढे टाकत जावे. त्रिज्या परिघावर बरोबर सहा वेळा बसते, तेव्हा सहावे पाऊल पहिल्या खुणेवर येऊन पडलेच पाहिजे. पडले, तर पाकळ्यांस हात घालावा. न पडले, तर सुतळी ढिली धरली गेली. हे सांगण्यास कोणाची उजवी-डावी लागत नाही, आणि नापसंतीचा शब्द मास्तराऐवजी सुतळी बोलते, जो कोणाला लागत नाही.

सहा ही संख्या अशी कृपाळू आहे. पाच तशी नाही. कर्तव्यभूमितीच्या प्रश्नपत्रिकेत वर्तुळात सुसम पंचकोन काढण्यास सांगितले की माझ्या ओसरीवर जी शांतता पसरते तिच्यात थोडीशी धास्ती मिसळलेली असते. वर्गात एक सामान्य रीत पुष्कळ ठिकाणी शिकवतात: व्यासाचे पाच समान भाग करावेत, व्यासाच्या दोन्ही टोकांवरून व्यासाइतक्याच त्रिज्येचे कंस काढून ते जेथे छेदतील तेथून दुसऱ्या भागाच्या बिंदूतून रेघ काढून ती परिघापर्यंत न्यावी, आणि त्या बिंदूपासून व्यासाच्या जवळच्या टोकापर्यंतचे अंतर पंचकोनाची बाजू म्हणून घ्यावे. त्रिकोण, चौरस व षटकोन यांना ही रीत बिनचूक लागू पडते. पंचकोनाला मात्र ती आसन्न आहे, कारण तिने मिळणारा केंद्रीय कोन ७२ अंशांऐवजी सुमारे ७१.९५ अंश येतो. पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर पाच पावलांनंतर उरणारी तूट मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतकी, म्हणजे पेन्सिलच्या टोकाखाली गडप होण्याजोगी. तेव्हा एखाद्याच्या पंचकोनात शेवटी दोन मिलिमीटरांची फट राहिली तर तिचे खापर रीतीवर फोडता येत नाही. परंतु विद्यार्थ्याच्या दृष्टीने खरा पेच निराळाच: पंचकोन चुकला आहे हे त्याला पाचव्या बाजूपाशी कळते, तोवर चार बाजू काढून झालेल्या असतात, आणि मग मनुष्यस्वभावानुसार तो ती पाचवी बाजू मायेने सांभाळून घेतो.

म्हणून मी दुसरी, टॉलेमीच्या नावाने ओळखली जाणारी अचूक रीत पसंत करतो, आणि तीही पूर्ण न दाखवता तिच्यात ताळ्याच्या जागा शोधत शोधत पुढे जातो. परस्परांस लंब असे दोन व्यास काढा, आणि थांबा. परिघावरील चार बिंदूंमधील अंतरे कंपासने ताडून पाहा, चारही सारखी भरली पाहिजेत. आडव्या व्यासाच्या उजव्या त्रिज्येचा मध्य काढा, आणि थांबा; दोन्ही अर्ध कंपासने ताडा. त्या मध्यावर टोक ठेवून वर्तुळाच्या शिरोबिंदूतून जाणारा कंस काढा, जो डाव्या त्रिज्येला छेदेल. आता शिरोबिंदूपासून या छेदापर्यंतचे अंतर म्हणजे पंचकोनाची बाजू. पण लगेच ती परिघावर घेऊन धावू नका, कारण येथे एक देखणी ताळ्याची रेघ आयतीच पडलेली आहे. केंद्रापासून याच छेदापर्यंतचे अंतर ही दशकोनाची बाजू असते. तेव्हा ते लहान अंतर शिरोबिंदूपासून परिघावर दोनदा टाकले तर मोठ्या अंतराच्या एका पावलाशी मिळाले पाहिजे. मिळाले, की पंचकोन काढण्याआधीच तो बरोबर येणार हे मुलाला कळते, आणि त्यानंतरच्या पाच पावलांत त्याच्या चेहऱ्यावर जी निश्चिंती असते ती गुणपत्रिकेपेक्षा मला अधिक मोलाची वाटते. परीक्षेत रचनेचे कंस पुसायचे नसतात, ही गोष्टही मुलांना तेव्हा खऱ्या अर्थाने पटते; ते कंस ही कच्च्या कामाची घाण नसून कामाचा दस्तऐवज आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा येत असे, ज्याला जन्मापासून ऐकू येत नव्हते. त्याच्यामुळे माझ्या शिकवण्यात जो पालट झाला तो मी कोणत्याही शिबिरात शिकलो नव्हतो. ऐकणारी मुले माझ्या हाताकडे पाहत असतानाच माझे बोलणेही ऐकतात, आणि आपण दोन वाटांनी एकदम शिकवतो आहोत या समजुतीत शिक्षक सुखी असतो; या मुलाला मात्र माझे ओठ व खुणा पाहायच्या तर हात दिसत नसे, आणि हात पाहायचा तर बोलणे हरवे. तेव्हा हात चालू असता तोंड बंद आणि तोंड चालू असता हात बंद, असा शिरस्ता मी घातला. रेघ ओढून झाली की पेन्सिल खाली ठेवायची, मुलाची मान वर होईपर्यंत थांबायचे, मग बोलायचे. या थांबण्यात त्याला स्वतःचा कागद तपासण्यास सवड मिळू लागली, आणि महिना उलटण्याच्या आत असे दिसून आले की ऐकणाऱ्या मुलांचेही कागद सुधारले आहेत. दृश्य शिक्षणात आम्ही शब्दांची जी अखंड धार लावतो तिचा पुष्कळसा भाग शिकणाराच्या डोळ्यांना व्यत्यय आणतो, असे माझे तेव्हापासूनचे पक्के मत आहे.

पायऱ्या पाडण्याची कल्पना अर्थातच नवी नव्हे. स्वित्झर्लंडातील पेस्तालोझीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच रेघ, कोन, चौरस अशा मूलाकृतींवरून डोळ्याला वळण लावण्याचा क्रम मांडला होता. आणि त्या शतकाच्या मध्यास लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील अधिकाऱ्यांनी चित्रकलेचा जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आखला त्याच्या तर २३ पायऱ्या होत्या. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेच्या शिक्षणावर आणि तिच्या द्वारे आमच्या शाळांतील रेखाकलेवर त्या पद्धतीची छाया दीर्घकाळ पडली. तिच्याविषयी माझी तक्रार पायऱ्यांच्या संख्येबद्दल नाही. सपाट नमुन्यावरून बाह्यरेषा उतरवत महिनोन्‌महिने बसलेल्या विद्यार्थ्याला आपली रेघ बरोबर आली की नाही हे सांगण्याचा अधिकार केवळ तपासनीसाच्या लाल पेन्सिलीला होता. ताळा शिकणाराच्या हाती नव्हता, सरकारजमा होता.

याच संदर्भात आमच्या नागपुरापासून फार दूर नसलेल्या वर्ध्याची आठवण होते. १९३७ च्या ऑक्टोबरात तेथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नयी तालीमचा अभ्यासक्रम तयार झाला. त्यात मुलांनी आधी टकळीवर आणि पुढे चरख्यावर सूत कातावे असा क्रम होता. त्या योजनेच्या यशापयशाचा हिशेब येथे मांडायचा नाही. पण टकळी ही शिक्षिका म्हणून अजोड होती यात मला संशय नाही. पेळू जास्त सुटला की सूत जाड होते, ओढ जास्त झाली की तुटते, आणि दोन्ही गोष्टी मुलाच्या बोटांत त्याच क्षणी कळतात. तसेच बालवर्गातील अक्षरांचे. आपल्याकडे मुलांना अ आ इ ई या वर्णक्रमाने न बसवता ग, म, भ, न या क्रमाने अक्षरे गिरवण्यास बसवण्याची जी पद्धत आहे तिच्यात उच्चाराचा क्रम मोडून आकाराचा क्रम धरलेला आहे. चारही अक्षरांना उजवीकडे सारखाच काना असल्यामुळे एक अक्षर दुसऱ्याशेजारी मांडले की कोणता काना वाकडा गेला ते पोराला आपसूक दिसते.

येथे मला माझ्याच मताला एक मर्यादा घातली पाहिजे. पायऱ्यांची चटक लागलेले पालक आता सर्वच गोष्टींच्या पायऱ्या मागू लागले आहेत. ‘सर, स्मरणचित्रात जत्रेच्या पायऱ्या सांगून द्या,’ असे एका गृहस्थांनी मला सांगितले, आणि त्यांचा हेतू शुद्ध असला तरी मी त्यांना नकार दिला. जत्रेच्या तयार पायऱ्यांतून एकच जत्रा शेकडो कागदांवर भरते: डावीकडे फुगेवाला, मध्ये पाळणा, उजवीकडे पाठमोरी बाई, आणि मुलाने खामल्याच्या बाजारात स्वतः पाहिलेला माणूस त्यांत कोठेच नसतो. पायऱ्या पाडायच्या त्या पाहण्याच्या पाडाव्यात. लंबवर्तुळ शिकवताना मी आईच्या हातातील बांगडी मागून घेतो. डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरली की ती नुसती रेघ दिसते, जसजशी खाली न्यावी तसतशी उघडत जाते. हे एकदा पाहिलेल्या मुलाला तांब्याचा तळ काठापेक्षा अधिक गोल का काढायचा हे सांगावे लागत नाही, आणि तळाशी सपाट रेघ मारलेला स्वतःचाच जुना कागद त्याच्या डोळ्यांत खुपू लागतो. ज्या दिवशी मूल न सांगता कागद उलटा करून, हात लांब करून, डोळा बारीक करून पाहू लागते, त्या दिवसापासून त्याला माझ्या पायऱ्या देणे मी बंद करतो. त्यानंतरही देत राहिलो तर ते माझ्या फायद्याचे असेल, त्याच्या नव्हे.

या परीक्षांसाठी पुस्तिका छापणाऱ्या प्रकाशकांना आणि चित्रफिती तयार करणाऱ्या उत्साही मंडळींना माझी एवढीच विनंती आहे की पुढील आवृत्ती काढण्यापूर्वी त्यांनी आपली पाने कधीही पेन्सिल न धरलेल्या एखाद्या मुलापुढे ठेवावीत, स्वतः एक अक्षर न बोलता शेजारी बसावे, त्याचा हात जेथे थांबेल तेथे खूण करावी, आणि तिसऱ्या व चौथ्या चौकटीच्या मध्ये त्या खुणेची एक चौकट वाढवावी. कागद काही फार लागत नाही.